ऑनलाइन आलेली सूचना ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहा : खान्देशातल्या जिल्हा परिषदा आणि महापालिकांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद जळगाव, धुळे आणि नंदुरबार
मा. आयुक्त, महानगरपालिका जळगाव आणि धुळे

विषय : ऑनलाइन साधनांतून येणाऱ्या नागरिकांच्या सूचनांची नोंद, निर्णय आणि उत्तर याबाबत परिपत्रक काढणे.

महोदय / महोदया,

गावोगावी ग्रामपंचायतीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले, कार्यालयाच्या दारावर क्यूआर कोड चिकटले, तरी ग्रामसभेला माणूस येत नाही अशी तक्रार सगळीकडे आहे. लोकांना आस्था नाही, असा अर्थ यातून काढला जातो. तो आम्हाला मान्य नाही. लोक फोटो पाठवतात, आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, गटाराचा व्हिडिओ टाकतात. पण पाठवलेलं कुठेच नोंदलं जात नाही, त्याला क्रमांक मिळत नाही, उत्तर येत नाही. दोनदा असं झालं की माणूस गप्प बसतो.

आमची मागणी अशी : फोनवरून, फॉर्मवरून किंवा आवाजी संदेशातून आलेली प्रत्येक सूचना ग्रामसभेच्या इतिवृत्तात क्रमांकासह यावी आणि तिचं काय झालं ते देणाऱ्याला त्याच फोनवर कळावं, असं परिपत्रक आपण काढावं. त्यासाठी नवं अ‍ॅप विकत घेऊ नये. हातात आहेत त्या साधनांनी हे काम होतं. ते कुठे आणि का अडतं, हे पुढे लिहीत आहोत.

आधी कायद्याची बाजू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षाला किमान ४ ग्रामसभा होतात. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही. म्हणून दोन हजार मतदारांच्या गावाचा वर्षाचा आराखडा पंधरा-वीस सह्यांवर मंजूर होऊ शकतो. घरबसल्या लाइव्ह बघणाऱ्याची हजेरी कोरममध्ये धरता येत नाही, त्याला हात वर करता येत नाही. मात्र सभेपुढे कोणता विषय यावा हे ठरवताना गैरहजर माणसाचंही म्हणणं पोचवता येतं. ऑनलाइन साधनांचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो.

तेव्हा पहिली दुरुस्ती अजेंड्यात हवी. मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याच्या विषयानंतर लगेच ‘मागील सभेनंतर आलेल्या सूचनांची यादी वाचणे व प्रत्येकीवर निर्णय घेणे’ हा कायमचा विषय असावा. आज या सूचना आल्याच तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या खणात येतात. तोवर निम्मी माणसं उठलेली असतात आणि कोणी हरकत घेतली तर विषय अजेंड्यावर नव्हता म्हणून बाजूला पडतो.

नोंद कशी असावी याचा एक नमुना देतो. ‘क्र. ४७ / वॉर्ड २ / आली १२ ऑगस्ट / हापशाचं सांडपाणी शाळेच्या वाटेवर येतं, शोषखड्डा करावा / पाहणी झाली / ग्रामसभेत ठराव क्र. ९ / बंधित निधी, स्वच्छता / मंजूर.’ नाकारली तर कारणही याच ओळीत. कारणं फार नसतात : निधी त्या कामाला चालत नाही, रस्ता बांधकाम विभागाचा किंवा खांब महावितरणचा आहे, जागा खासगी किंवा वनविभागाची आहे, काम आधीच आराखड्यात आहे. दुसऱ्या खात्याचं काम असेल तर त्या खात्याला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक त्याच ओळीत लिहावा. ‘पाठपुरावा चालू आहे’ हे उत्तर समजू नये, कारण त्यात तारीख नसते.

सूचना आणि तक्रार मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. दिवा बंद आहे, पाइप फुटला, कचरा उचलला नाही, या तक्रारी. त्या ग्रामसभेपर्यंत थांबू शकत नाहीत आणि ग्रामसभेत आल्या की आराखड्याची चर्चा खाऊन टाकतात. नवीन दिवे कुठे लावायचे, ही सूचना. ग्रामपंचायतीतलं आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या केंद्रचालकाला हा फरक कोणी सांगितलेला नसतो, म्हणून दोन्ही एकाच ग्रुपमध्ये पडतात आणि सकाळच्या शुभेच्छांखाली गाडल्या जातात.

आता फोनबद्दल. बहुतेक गावांत ‘ग्रामपंचायतीचा नंबर’ म्हणजे सरपंचांचा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा किंवा केंद्रचालकाचा खासगी नंबर असतो. बदली झाली, निवडणूक झाली, केंद्रचालकाने काम सोडलं, की सगळा इतिहास त्याच्या खिशातून निघून जातो. गुगल फॉर्मचंही तसंच : तो खासगी जीमेलवर बनवलेला असतो आणि उत्तरं त्याच खात्यात राहतात. म्हणून सिमकार्ड ग्रामपंचायतीच्या नावावर, ईमेल खातं ग्रामपंचायतीचं, फोन कार्यालयात, आणि पासवर्ड व रिकव्हरी नंबर बंद लिफाफ्यात दप्तरी. पदभार देताना जशी चेकबुकची आणि नमुन्यांच्या वह्यांची यादी होते, तशी या खात्यांचीही व्हावी.

या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप टाकावं. त्यात चॅटला लेबल लावता येतं : ‘नवी’, ‘नोंद झाली’, ‘ग्रामसभेपुढे’, ‘मंजूर’, ‘नाकारली’. क्रमांक कळवण्याचा ठरावीक मजकूर ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवता येतो. रोज पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण ते कोणाचं हे लेखी ठरलेलं नसेल तर कोणाचंच नसतं. परिपत्रकात पदाचं नाव लिहा.

ग्रुप हे सूचना घेण्याचं साधन म्हणून आम्हाला अजिबात योग्य वाटत नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. बायका ग्रुपमध्ये येत नाहीत किंवा आल्या तरी बोलत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण आहे. शिवाय गावात भाऊबंदकी असते, गटतट असतात. सरपंचांच्या चुलत्याने वाटेवर ओटा बांधला, हे दीडशे जणांसमोर कोण लिहिणार? म्हणून माहिती देण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल ठेवा. त्यात एका सदस्याचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. सूचना मात्र प्रत्येकाने थेट ग्रामपंचायतीच्या नंबरवर पाठवाव्यात. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला, आणि अर्धं गाव म्हणतं आम्हाला नोटीसच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलने कामं ठरवणं तर पूर्ण बंद करावं. कोणी कशाला मत दिलं ते पोलमध्ये नावानिशी दिसतं. त्याहून मोठी अडचण अशी की तिथे ज्यांच्या घरात फोन जास्त, त्यांचं काम वर येतं. भिल्ल वस्तीत, टोकाच्या पाड्यावर, म्हाताऱ्या एकट्या बाईकडे फोन नाही. सूचना ऑनलाइन गोळा करा, क्रम ठरवा तो समोरासमोर, ग्रामसभेत.

फॉर्मचे तांत्रिक घोटाळे नेहमीचे आहेत आणि सगळे टाळता येतात. गुगल फॉर्ममध्ये ‘एकालाच एकदा उत्तर’ ही अट लावली किंवा फोटो जोडण्याचा प्रश्न ठेवला, की तो भरणाऱ्याला गुगल खात्यात साइन इन करायला सांगतो. गावातला माणूस तिथेच फॉर्म बंद करतो. या दोन्ही गोष्टी काढा. दुहेरी नोंदी नंतर वहीत जुळवता येतात. प्रश्न सहा-सातच ठेवा : वॉर्ड किंवा पाडा, जागेची खूण, काय अडचण आहे, काय व्हावं, किती घरांना उपयोग होईल, आणि शेवटी ऐच्छिक नाव व मोबाइल. आधार क्रमांक मागू नका. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडच्या माणसाला आधार मागितला की काहीतरी लाभ मिळणार असं वाटू लागलं आहे. मग लोक गटाराऐवजी घरकुलाची मागणी भरतात आणि पुढे नाराज होतात.

क्यूआर कोड फुकट संकेतस्थळावर बनवताना ‘डायनॅमिक’ प्रकार निवडला गेला तर मुदत संपल्यावर कोड स्कॅन होऊनही फॉर्म उघडत नाही. साधा, ‘स्टॅटिक’ कोड घ्या आणि कोडखाली फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. जागेचा फोटो मागवलात तर लक्षात ठेवा : व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ठिकाणाची माहिती गळून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. लोकांना हे सांगत बसण्यापेक्षा फोटोसोबत ‘सध्याचं लोकेशन’ पाठवायला सांगणं सोपं.

आलेल्या सूचनांची यादी सर्वांना दिसावी, पण देणाऱ्याचं नाव-नंबर दिसू नये. इथे एक चूक वारंवार होते. गुगल शीटमध्ये मोबाइलचा रकाना ‘लपवून’ तीच शीट सर्वांना खुली केली जाते. लपवलेला रकाना शीटची प्रत काढून कोणालाही पाहता येतो. जाहीर यादीची फाइल वेगळीच ठेवा आणि तिला फक्त पाहण्याची परवानगी द्या. दर महिन्याला तीच यादी छापून फलकावर लावा, म्हणजे फोन नसलेल्यालाही आपला क्रमांक सापडेल.

पैशाचा आकडा आधी सांगितल्याशिवाय सूचना मागवू नका, असा आमचा ठाम आग्रह आहे. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. बंधितमधला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. समजा गावाला वर्षाला १० लाख आले, तर पाण्याला ३ लाख, स्वच्छतेला ३ लाख, आणि बाकी सगळ्या इच्छांना ४ लाख. हे माहीत नसलेलं गाव सभामंडप, कमान आणि व्यायामशाळा मागतं, सगळं नाकारलं जातं आणि पुढच्या वर्षी फॉर्म रिकामा राहतो. २०२६-२७ पासून १६व्या आयोगाचा काळ सुरू होतो. वाटणी कशीही असो, फॉर्मच्या पहिल्याच पानावर तीन ओळींत आकडे लिहा आणि पाणी, स्वच्छता, इतर असे तीन वेगळे प्रश्न विचारा.

मंजूर आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर लॉगिन न करता पाहता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की गावाच्या कामांची यादी समोर येते. पण ती इंग्रजीत आणि लेखाशीर्षांच्या भाषेत असते. केंद्रचालकाने वर्षातून दोनदा त्यातली कामं साध्या मराठीत, ‘काम, जागा, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम’ एवढ्या चार रकान्यांत चॅनलवर टाकावीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार ही माहिती न मागता देणं आपलं कामच आहे.

भाषेचा प्रश्न खान्देशात टाळता येणार नाही. नोटीस कायद्याप्रमाणे ७ दिवस आधी निघते. ती बहुधा पीडीएफच्या तिरक्या फोटोत असते आणि छोट्या पडद्यावर वाचता येत नाही. तीच नोटीस मजकूर म्हणून टाका आणि सोबत अहिराणीत मिनिटभराचा आवाजी संदेश द्या : ‘रामराम मंडई, येत्या सोमवारले गावमा ग्रामसभा शे, पानीना काम ठरनार शे, बठ्ठा या.’ यावल-रावेरकडे लेवा बोलीत, धडगावात पावरीत, नवापूरकडे मावचीत. आवाज गावातल्याच ओळखीच्या माणसाचा असावा. ७ दिवस आधी, आदल्या संध्याकाळी आणि सभेच्या सकाळी असा तीनदा पाठवा. दवंडी बंद करू नका.

ग्रामसभेचा वृत्तांत आपोआप तयार करणारं ‘सभासार’ हे साधन केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू केलं. ते भाषिणी या केंद्र सरकारच्या भाषांतराच्या साधनाच्या आधारावर चालतं. त्याचा उपयोग जरूर करावा, पण अहिराणी किंवा पावरीत झालेलं बोलणं त्यात नीट उतरेल असं धरून चालू नये. सभेत चार जण एकदम बोलतात, माइक लांब असतो, वर पंखा फिरत असतो. यंत्राचा वृत्तांत ठराव लिहिण्यापूर्वी सभेत वाचून दाखवला जावा. माणूस पावरीत बोलला असेल तर त्याच्या म्हणण्याचा मराठी सारांश त्याच्यासमोर लिहून त्याला वाचून दाखवावा.

सभेचं लाइव्ह प्रक्षेपण करायचं तर तयारी आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी हवी. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि लाइव्हची सोय पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. सभेच्या सकाळी चॅनल उघडणं म्हणजे वरातीमागून घोडं. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा : बोलणाऱ्याच्या हातात माइक द्या, फोन त्याच्या जवळ ठेवा.

सातपुड्याबद्दल वेगळं लिहायला हवं. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर आणि चोपड्याच्या डोंगराळ भागात अनेक पाड्यांवर रेंजच नाही. तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि क्यूआर कोडचा उपयोग नाही. कोबोकलेक्ट हे मोफत अ‍ॅप रेंजशिवाय फॉर्म भरून घेतं आणि रेंज मिळाली की पाठवतं. आशाताई किंवा रोजगार सेवकाने पाड्यावर नोंदी घ्याव्यात आणि आठवडे बाजाराला धडगावला किंवा मोलगीला आल्यावर ‘पाठवा’ दाबावं. त्यात आवाज रेकॉर्ड करण्याचा प्रश्न ठेवता येतो. पावरीतलं म्हणणं पावरीतच येऊ द्या. दरीत, झाडाखाली जीपीएस लवकर स्थिर होत नाही. उघड्यावर उभं राहून अचूकता १०-१५ मीटरवर आली की नोंद घ्यावी, पाच मीटरची वाट पाहत बसू नये. फोन हरवला तर न पाठवलेल्या नोंदी गेल्या, म्हणून त्या आठवडाभरापेक्षा जास्त साठवू नयेत.

याच भागातला दुसरा पेच वेळापत्रकाचा आहे. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि जानेवारीपर्यंत संपते. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, गुजरातेत बांधकामांवर जातात आणि होळीला परततात. म्हणजे गावाचा आराखडा ठरतो तेव्हा निम्मा पाडा बाहेरगावी असतो. ही माणसं मोबाइल वापरतात आणि जिथे असतात तिथे रेंज असते. निघण्यापूर्वी मुकादमनिहाय किंवा पाडानिहाय नंबर घेऊन ठेवले, तर डिसेंबरात त्यांना फोन करून सूचना घेता येतात. होळीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजारातही नोंदी घ्याव्यात. त्या पुरवणी आराखड्यात किंवा पुढच्या वर्षाच्या यादीत जातील. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे) तर पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, म्हणून तिथे नोंदही पाडानिहाय व्हावी.

बायकांच्या सूचनांसाठी ग्रामसभेआधीची महिला सभा आहेच. पण घरात फोन एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. उमेद अभियानाच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत सीआरपी ताईंनी (गावात गटांचं काम पाहणाऱ्या ताईंनी) एका फोनवरून सगळ्यांच्या सूचना भरून घ्याव्यात, प्रत्येकीची वेगळी नोंद करून. गटाच्या नावाने एकच अर्ज आला तर दहा जणींचं म्हणणं एकाच ओळीत संपतं.

महापालिका आयुक्तांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवली जातात. जळगाव आणि धुळ्यात हे सहज करता येईल, मात्र सूचना ऑक्टोबरच्या आत मागवाव्यात. फेब्रुवारीत अंदाजपत्रक तयार झाल्यावर मागवलेल्या सूचनांना जागाच नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. दोन्ही शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, दिवसाआड किंवा त्याहूनही अंतराने येतं. लोकांना महापालिकेकडून रोज हवी असलेली माहिती एकच : आज आमच्या भागात पाणी किती वाजता? प्रभागनिहाय व्हॉट्सअ‍ॅप चॅनल उघडून व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह फिरवताना एक ओळ टाकली, ‘टाकी क्र. ३, भाग ब, ५.४० ला सोडलं, ७ ला बंद’, तर त्या चॅनलला जाहिरात लागणार नाही. वीज गेली, मुख्य जलवाहिनी फुटली, वेळ पुढे गेली, तर तेही लगेच टाकलं पाहिजे. वेळापत्रक टाकायचं आणि बिघाड लपवायचा असं केलं तर लोक पंधरा दिवसांत चॅनल सोडतात. हा विश्वास एकदा बसला की त्याच चॅनलवर अंदाजपत्रकाचा फॉर्म टाका. तो भरला जाईल.

खर्च फार नाही : ग्रामपंचायतीमागे एक साधा अँड्रॉइड फोन, रिचार्ज, एक माइक आणि नोंदवही. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे आणि तो आपणच मंजूर करू शकता.

सुरुवात तीन तालुक्यांपासून करावी अशी विनंती आहे : जळगाव जिल्ह्यात रावेर, धुळ्यात साक्री, नंदुरबारमध्ये धडगाव. सपाटीवरची मोठी गावं, अर्धा डोंगरी तालुका आणि रेंज नसलेले पाडे, अशा तिन्ही परिस्थिती त्यात येतात. परिपत्रक ऑगस्टच्या ग्रामसभेच्या नोटिसा निघण्यापूर्वी पोचलं, तर सूचनांचा विषय त्याच अजेंड्यावर येईल. फॉर्मचा नमुना, नोंदवहीचे रकाने, पाच बोलींतल्या आवाजी नोटिसांचा मजकूर आणि केंद्रचालकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण विनामूल्य द्यायला आम्ही तयार आहोत. गटविकास अधिकाऱ्यांनी तारीख आणि सभागृह कळवावं.

आपले,
खान्देशातील काही केंद्रचालक, निवृत्त ग्रामसेवक आणि ग्रामसभेचं काम करणारे कार्यकर्ते